सावडीच्या घरची भाकर

श्री

मु. पिंपळखेडी, पो. पालम,
ता. गंगाखेड, जि. परभणी
८ जानेवारी १९९४

बन्सीधर यास वैजीनाथचा राम राम.

आमी इकडं खुशाल, तुमी तिकडं खुशाल असाल, हे पहिल्या ओळीत लिहायचं म्हणून शाळेत मास्तरनं आपल्या दोघांच्या बोटावर छडी मारून शिकवलं होतं. म्हणून लिहिलं. खरं इचारशील तर इकडं कुणी लय खुशाल न्हाई आन् तुझ्याकडचं मला काय मालूम? सात वर्षं होयला आली, तुझं अक्षर दिसलं न्हाई.

पाकिटात तिळगूळ घातलाय. ठप्पा मारताना पोस्टवाल्यानं चुरा केला तर मला बोल लावू नको. तिळगूळ घे आन् गोड बोल असं मी म्हणत न्हाई. तू गोड कधी बोलत होतास? नुसतं बोल, तेवढं बास हाय.

इकडची हकीकत सांगतो. ज्वारी यंदा बरी हाय, हुरड्यात आलीय. कापसाची शेवटची वेचणी चालू हाय. तुझ्या वरच्या पट्टीत बटईदारानं करडई टाकली, पण तण कोणतं आन् करडई कोणती ते त्याचं त्यालाच कळत न्हाई. मी बांधावरून जाताना तोंड फिरवून जातो. अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलंय. मागं राहिलेत म्हातारे, कुत्रे आन् माझ्यासारखे रिकामे. किल्लारीकडचा भूकंप झाल्यापासून आई घरात झोपायचं नाव घेत न्हाई, ह्या थंडीत अंगणात खाट टाकती. म्हणती, पडलं घर तर पडू दे, तुमी बाहेर या. आमी काय बाहेर गेलो न्हाई.

पालमच्या स्टँडावर दुसरी गोष्टच न्हाई, विद्यापीठाचं नामांतर होणार का न्हाई होणार. कुणी म्हणतंय संक्रांतीलाच जाहीर होतंय, कुणी म्हणतंय मग गाड्या चालू ठेवून दाखवा. आपलं गाव अजून गप हाय. गप म्हणजे कुणी कुणाला बोलेना, आन् त्याला शांतता म्हणायलेत. ते बघितलं की मला आपल्या दोघांची आठवण येती.

असो. कामाचं लिहितो.

गेल्या आठवड्यात मानवतला गेल्तो, दैवशालाच्या माहेरी. तिच्या भावाच्या पोराचं जावळ होतं. येताना स्टँडावर तुझा मेव्हणा किशनराव दिसला. त्यानं मला पाहून पेपरात तोंड घातलं, पण मी काय त्याला सोडतोय? जवळ जाऊन बसलो. त्याच्याकडून कळालं का तुझ्या मायला, पार्वतीकाकूला दसऱ्यापासून लकवा झालाय. डावं अंग गेलंय. खाटेवरच हाय. शुद्ध हाय, बोलती, माणूस वळखती, पण खाणं रोज कमी होयलंय. किशनराव म्हणला, "भेटायचं असंल तर लवकर भेटून घ्या." मी म्हणलं, "मला कुणी बोलावलंय का?" तर गडी पुन्हा पेपरात शिरला.

बन्सी, मला काकूला भेटायचंय. ती हाय तोवर भेटायचंय. ह्या पत्रात मी एवढंच मागायलोय, बाकीचं वाचलं न्हाईस तरी चालंल.

तू म्हणशील, मग ये की, एस.टी.ला काय तुझं वावडं हाय? अरे, आलो होतो. मागच्या साली बियाण्याच्या कामाला जिंतूरला गेल्तो. समोर तुझ्या येलदरीची गाडी लागलेली. चढलो, खिडकीची जागा धरून बसलो. कंडक्टर तिकीट इचारायला आला आन् मी उतरलो. तो मागून बोंबलला, "येडा हाय का काय?" असंल. पण बोलावल्याबिगर तुझ्या दारात यावं आन् तू पुन्हा चार माणसांत "पाव्हण्याला चहा ठेवा" म्हणावं, हे मला दुसऱ्यांदा सोसणार न्हाई.

पाव्हणा! मी पाव्हणा? तुझा एक बैल, माझा एक बैल, आपली सावड. आठ वर्षं एका जोडीवर दोन घरांची पेरणी केली. आधी तुझी का आधी माझी ह्याच्यावरून एक दिवस वाद झाला न्हाई. तुझ्या घरात दुरडीतली भाकर मी माझ्या हातानं काढून खात होतो. काकू चुलीपाशी बसून म्हणायची, "वैजू, माझ्या लेकाला एक राहू दे रे बाबा." आन् तुझा बाप, आसारामकाका गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर आलो तर तू मान वर न करता म्हणतोस, पाव्हण्याला चहा ठेवा. तो चहा मी पिलो. कसा पिलो ते माझं मला मालूम. पुढं महिना झाला न्हाई, तू बैल सोडलास, गंगाखेडच्या बाजारात विकून आलास. इचारलंसुदिक न्हाई. एका बैलानं मी काय करणार होतो? त्याच्याशी बोलत बसणार होतो?

रागावलो बघ. लिहिताना असंच होतंय, म्हणून इतके दिवस लिहिलं न्हाई.

तुझ्या रागाचं कारण मला बराबर ठाऊक हाय. आसारामकाकाची तिरडी उचलली तवा तू माझ्याकडं पाहिलंस. पुढची एक बाजू मोकळी होती. सगळं गाव बघत होतं. ती जागा माझी होती, लेकानंतर माझीच. मी मान खाली घातली. मग शेजारचा मुंजाजी पुढं झाला. मी सगळ्यांच्या मागून चाललो आन् ओढ्याच्या अलीकडं लिंबाखाली बसून राहिलो, चितेपाशीसुदिक आलो न्हाई. ज्या माणसानं मला नांगर धरायला शिकवलं, त्याला मी खांदा दिला न्हाई. तू नाराज झालास. कुणीबी झालं असतं.

आता ऐक. हे मी आईशिवाय कुणाशी बोललो न्हाई.

दैवशालाला तवा दिवस गेले होते. चौथा चालू होता.

पोटुशी बायको घरात असली का नवऱ्यानं तिरडीला हात लावायचा न्हाई, मढ्याजवळ जायचं न्हाई, डोक्या-दाढीला वस्तरा लावायचा न्हाई, हे तुला मी काय सांगू? आधीची दोन गेली होती. पहिलं तुला ठाऊक हाय. दुसरं ठाऊक न्हाई, ते लवकर गेलं. म्हणून ह्या खेपंला आईनं मला देवापुढं उभं केलं आन् कसम घातली, पाच महिने भरल्याबिगर ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची न्हाई. नजर लागती. बन्सीलाबी न्हाई? मी इचारलं. "बन्सीला तर न्हाईच," ती म्हणली, "त्याच्या पोटात तीळ भिजत न्हाई." तू माझी दाढी ओढून इचारायचास, "साधू व्हायला निघाला का रे?" आन् मी हसून टाळायचो. तुला वाटत असंल, येडपट हाय. मी हे सगळं मानतो का न मानतो ते इचारू नको. दोन गेल्यावर माणूस कशालाबी भितो.

त्या दिवशी मनात म्हणलं, आज बन्सीला राग येऊ दे. दीड-दोन महिन्यांत पाच भरतील, गोष्ट फुटंल, मग मीच जाईन आन् म्हणीन, मार आता दोन थोबाडात. मला वाटलं एवढंच हाय. संध्याकाळी आईनं पिठलं-भाकरी फडक्यात बांधून तुमच्याकडं न्यायला माझ्यापुढं ठेवली, तीसुदिक मी नेली न्हाई. आई म्हणली, मग मी जाते. तिलाबी जाऊ दिलं न्हाई, म्हणलं, मुंजाजीच्या घरून गेलीय. खरं म्हणजे मला तोंडच नव्हतं. ज्याच्या बापाला खांदा दिला न्हाई त्याच्या दारात भाकरी घेऊन कसं उभं राहावं? जाऊ दे, ती लहान गोष्ट झाली.

तू बैल विकलास, पोळ्याच्या आधीच शेत बटईनं दिलंस आन् बायको-पोरं, काकूला घेऊन येलदरीला गेलास. मी तुला निरोप देयला आलो न्हाई. कपाशीत बसून होतो, गाडी जाताना पाहिली.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत दैवशालाला त्रास सुरू झाला. सहावा लागला होता. परभणीच्या दवाखान्यात नेलं तवर सगळं आटोपलं होतं. पोरगी होती. एवढीशी, पण नाक सगळं आईचं. असल्या लेकराला जाळत न्हाईत, पुरतेत. आपल्या पट्टीच्या बांधाला मी एकट्यानं खड्डा खांदला. संगं कुणाला बोलवावं? होतं म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, मग गेलं म्हणून कुणाला सांगावं? गावात अजूनबी कुणाला मालूम न्हाई. तुला बोलावलं असतं बन्सी. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या तोंडात आलं न्हाई. पण तू नव्हतास, आन् असतास तरी आला असतास का, ते मला तवा सांगता येत नव्हतं.

मग तुला काय लिहू? बायको पोटुशी होती म्हणून खांदा दिला न्हाई, असं म्हणायला घरात लेकरू दाखवावं लागतंय. लेकरू न्हाई तर तो बहाणा वाटतो. तू म्हणला असतास, वा रे, आता सुचलं का? आन् त्या मेलेल्या पोरीला मी माझी साक्षीदार म्हणून उभी करू? मला नको वाटलं. गप बसलो. बसलो तो बसलोच. पुढं आमाला काही झालं न्हाई. दैवशाला आता त्याचं नाव काढीत न्हाई. जावळाच्या दिवशी ती पुढं होऊन सगळ्यांना जेवण वाढत होती, हसत होती, आन् येताना गाडीत परभणीपर्यंत एक शब्द बोलली न्हाई.

हे पत्र लिहायलोय ते तिला मालूम न्हाई. ती वेचणीला गेलीय.

पटलं तर पटलं. न पटलं तर न पटू दे, माझ्यावर राग ठेव, पण त्याच्यापायी काकूची भेट अडवू नको. तिला हे पत्र वाचून दाखवायचं तर दाखव. मला एक ओळ टाक. ये, एवढंच लिही. मागं-पुढं शिव्या घातल्यास तरी हरकत न्हाई, मी मधलं तेवढं वाचीन आन् हातातलं काम टाकून निघीन. उशीर मात्र करू नको बाबा.

गीतावहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, काकूच्या पायावर डोकं.

अजूनबी तुझ्याच सावडीतला,
वैजीनाथ


येलदरी कॅम्प, ता. जिंतूर
२८ जानेवारी १९९४

वैजीनाथ,

वर श्री घातलेला नाही आणि राम रामही लिहिलेला नाही. पाकिटाचा कोपरा फाडलाय, तेव्हा हातात घेतानाच तुला समजलं असेल. माय गेली. मंगळवारी सकाळी. त्रास झाला नाही. गीता तोंड पुसायला गेली तर संपलेलं होतं.

तुझं पत्र मिळालं. संक्रांतीपासून गाड्या बंद होत्या, टपाल रखडलं, ते तुला माहीतच आहे.

मला तुझ्यासारखं ऐसपैस लिहिता येत नाही. इथं पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर चौकीदारी करतो, साहेब लोक आले की हो म्हणायचं आणि गेले की कुलूप लावायचं. बोलायची सवय गेली. तरी तू लिहिलंस त्याचं उत्तर द्यायला पाहिजे.

खांद्याचं मला माहीत होतं.

तुझी दाढी आणि दैवशाला वहिनीची विहिरीवरची अर्धी घागर पाहून गीतानं मला केव्हाच सांगितलं होतं, "भाऊजींच्या घरी गोड बातमी आहे. विचारू नका, त्यांना सांगू द्या." म्हणून तर मी तुला साधू म्हणून छळत होतो. वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. तिरडी उचलताना मी तुझ्याकडं पाहिलं ते तू पुढं यावं म्हणून नाही. मानेनं खुणावलं होतं, तू मागंच राहा. तू खूण पाहिलीच नाहीस, आधीच मान खाली घालून बसलास. मुंजाजीला मीच ढकललं, कुणी मधेच तुझं नाव घेऊ नये म्हणून. बापाला खांदा देताना माझं अर्धं लक्ष तुझ्याकडं होतं की हा शहाणा भलतंच धाडस करतो का काय. आणि तू सात वर्षं त्या खांद्याखाली दबून बसलास. काय म्हणावं तुला!

माझा राग भाकरीचा होता. ज्याला तू लहान गोष्ट म्हणून दोन ओळींत उरकलंस, त्या भाकरीचा.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि बाहेरून कुणी आणून तोंडात कडू घास घातल्याशिवाय घरातली माणसं जेवत नाहीत. आणि सावड ज्या घराशी, पहिला घास त्या घरचा. तुझे वडील, अण्णा गेले तेव्हा माझी माय भाकरी घेऊन तुझ्या घरी आली होती. तुझी आई तोंड उघडेना, तर मायनं तिच्या हनुवटीला धरून घास भरवला होता. तू तिथंच होतास. आमच्या घरी त्या संध्याकाळी मुंजाजीच्या घरचं टोपलं आलं. मायनं ते बाजूला सारलं. म्हणाली, "वैजूच्या घरून येईल." दिवे लागले. म्हणाली, "दैवशालाला बरं नसंल, उशीर होयलाय." मी म्हणालो, माय, खाऊन घे. तर म्हणते, "मी दुसऱ्या घरचं खाल्लं आन् तेवढ्यात वैजू आला तर त्याला काय वाटंल?" पोरांना तिनं खायला लावलं. आपण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावर राहिली. तिचा नवरा गेला होता रे, आणि ती दाराकडं बघत बसली होती ती तुझ्यासाठी.

तुला तोंड नव्हतं म्हणे. तुला तोंड नव्हतं म्हणून माझी माय उपाशी बसली.

आणि तू तिसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं आलास आणि ओसरीवर बसलास. मग मी पाव्हणा म्हणालो. खांदा न दिल्याचा राग मी धरला नाही, पण वाटलं, दुःख आमच्या घरी आणि तुझं घर आपल्यापुरतं जपून भाकरीलासुद्धा लांब, तर मग सावड कशाची? बैल विकला तेव्हा मला वाटलं होतं तू बाजारात येऊन दावं धरशील. दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही म्हणून सांगत बसलो होतो. आला असतास तर परत आणला असता.

हे तुला तेव्हाच तोंडावर बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. मला वाटलं, ज्याला आपण होऊन कळत नाही त्याला सांगून काय उपयोग.

पोरीचं मात्र मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. इथं आलो तेव्हा गीतानं झबलं शिवायला घेतलं होतं, वहिनीसाठी. म्हणाली, भांडण पुरुषांचं, बारशाला मी जाणार. आम्ही बोलावण्याची वाट पाहिली. आलं नाही. मग मी तिला म्हणालो, बघ, बारशालासुद्धा बोलावलं नाही, आता त्या घराचं नाव काढू नको. तेव्हापासून गावाकडचं कुणी भेटलं तरी तुझी चौकशी केली नाही. पण शाळा सुरू झाली की गीता दरवर्षी म्हणायची, वैजूभाऊजींचं लेकरू एवढं झालं असेल, तेवढं झालं असेल. यंदा तिनं त्याला पहिलीत घातलं होतं. तुझं पत्र वाचून ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. वैजू, तू एकटा खड्डा खांदत होतास आणि मी इकडं तुला बारशाच्या शिव्या देत होतो. त्याबद्दल काय लिहावं ते मला येत नाही.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वर मी टपालाचं लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे तसंच, तुला दिसू दे.

तुझं पत्र मला संक्रांतीच्या आधीच मिळालं. गाड्या चालू होत्या. मायच्या खाटेजवळ बसून मी ते तिला वाचून दाखवलं. पोरीचं तेवढं गाळलं. तिळगुळाचा चुराच झाला होता, तो तिच्या जिभेवर ठेवला. ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. म्हणाली, "त्याला बोलव. आजच लिही." मी हो म्हणालो.

लिहायला बसलो. नुसतं ये लिहायचं होतं, एक ओळ, तू मागितली तेवढीच. पण मला वाटलं, असं कसं? आधी त्याला भाकरीचं कळलं पाहिजे. माय उपाशी बसली ते कळलं पाहिजे. तो खांद्याचं रडगाणं गाऊन मोकळा होतो आणि मी लगेच ये म्हणू? सगळं नीट लिहीन, मग शेवटी ये लिहीन. लिहिलं, पटलं नाही, फाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माय रोज विचारायची, "टाकलंस का पत्र?" मी म्हणायचो, टाकलं. मग दंगे उसळले, गाड्या बंद झाल्या, मला बरंच वाटलं. तिला म्हणालो, गाड्याच नाहीत, तो येईल कसा? गाड्या पुन्हा सुरू झाल्या ते तिला सांगितलं नाही. पण बंगल्यापाशी गाडीचा हॉर्न वाजतो, तो तिला खाटेवर ऐकू यायचा. प्रत्येक गाडीला ती दाराकडं बघायची. गीता मला म्हणाली, अहो, नुसतं ये लिहा की. मी म्हणालो, लिहितो.

रविवारी तिनं दाराकडं बघणं सोडलं. गीता भिंतीकडं कूस करून देत होती तेव्हा म्हणाली, "वैजू न्हाई आला. आपण एवढं बोलावलं, तरी न्हाई आला. माझं काय चुकलं असंल त्याच्या घराशी?" गीतानं माझ्याकडं पाहिलं. मी खाटेच्या पायाशी बसलो होतो. माय, मी त्याला बोलावलंच नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. तिला ऐकू येत होतं, समजत होतं. मी म्हणालो नाही. मंगळवारी ती गेली.

तुला ये म्हणून लिहायचा हक्क मी घालवला. तू आपण होऊन आलास तर दार उघडं आहे, पण माझं काही सांगायचं राहिलं आहे असं वाटून येऊ नको, सगळं इथं लिहिलं आहे. दैवशाला वहिनीला हे वाचून दाखवू नको.

तू आला नाहीस, असं समजून गेलेल्या पार्वतीबाईचा मुलगा,
बन्सीधर